मोठ्या दुकानाचा हिशेब कसा वाचावा

आजचा विषय कानाला थोडा रुक्ष वाटेल, हे मी आधीच कबूल करतो. हिशेबाचा विषय आहे. आणि तोही आपल्या गावच्या दुकानाचा नव्हे, तर सातासमुद्रापलीकडे मुख्य कचेरी असलेल्या एका अवाढव्य दुकानाचा. ॲमेझॉन हे त्याचे नाव. हे नाव आता खेड्यापाड्यांतही नवे राहिलेले नाही. घरातल्या मुलाने फोनवर बोट फिरवले की चार-सहा दिवसांनी पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला कोणी तरुण फटफटीवरून दारात येतो आणि खोके हातात देऊन जातो. ते खोके याच दुकानाचे असते, नाही तर याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या दुकानाचे. तेव्हा दुकान परके असले तरी गिऱ्हाईक आपण आहोत. आणि ज्याचे आपण गिऱ्हाईक, त्याचा धंदा नेमका कशावर चालतो, हे विचारायला काहीच हरकत नाही.

पण खरे सांगायचे तर मला हा विषय सुचला तो दारात आलेल्या खोक्यामुळे नव्हे. तो सुचला माझ्या वडिलांमुळे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतला बराचसा भाग त्यांनी तालुक्याच्या गावच्या एका पतसंस्थेत ठेवला. संस्थेचे नाव सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही. दरवर्षी श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास संस्थेचा अहवाल घरी यायचा. गुळगुळीत कागद, वर अध्यक्षांचा फोटो, आत मोठ्या ठळक अक्षरांत एकूण ठेवी, एकूण कर्जे, निव्वळ नफा, ऑडिट वर्ग 'अ'. वडील सभेला जात, चहा-चिवडा होई, विषय वाचले जात, 'मंजूर, मंजूर' असा गजर होई आणि मंडळी एसटीच्या वेळेला घरी परतत. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. तो अहवाल आमच्या टेबलावर महिनाभर पडलेला असे, आणि मी त्यावर चहाचा कप ठेवत असे.

पुढे एके दिवशी संस्थेच्या दाराला कुलूप लागले. मग मी तो अहवाल काढून पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. अगदी मागच्या पानावर, बारीक टायपात, एक तक्ता होता: संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडील येणे कर्ज. आकडा लहान नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच्या अहवालातही तो तक्ता होता, आणि त्याच्याही आदल्या वर्षीच्या. कोणी काही लपवले नव्हते हो! छापले होते, घरपोच पाठवले होते, सभेत मंजूरही करून घेतले होते. वडील मला एवढेच म्हणाले, "अरे, तू तर हेच शिकवतोस ना?" त्यांचे पैसे पुढे कितीतरी वर्षे तुकड्यातुकड्याने आले, आणि सगळे आलेच नाहीत.

त्या दिवसापासून मी कोणताही अहवाल हातात आला की दोन प्रश्न विचारतो. पहिला: हा पैसा नेमका कोणत्या धंद्यात मिळाला? आणि दुसरा: हा व्यवहार कोणाशी झाला? हिशेबशास्त्रात पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला विभागवार निकाल म्हणतात आणि दुसऱ्याच्या उत्तराला संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार म्हणतात. नावे जड आहेत, गोष्ट मात्र साधी आहे. ती एका मोठ्या दुकानाच्या उदाहरणाने आज तुम्हांला सांगायची आहे. कारण मोठ्या अक्षरांत लिहिलेले लवकर वाचता येते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. समजा, तुमच्या गावात एक अण्णा आहेत. त्यांचे किराणा दुकान आहे, पिठाची गिरणी आहे आणि बाजारपेठेत चार गाळे भाड्याने दिलेले आहेत. दिवाळीला अण्णा म्हणतात, "यंदा दोन लाख सुटले." आपण म्हणतो, वा, किराणा चांगला चाललेला दिसतो! पण कदाचित असे असेल, की किराण्यात लाखभर बुडाले, गिरणी कशीबशी आपला खर्च काढून राहिली आणि गाळ्यांनी तीन लाख दिले. दोन लाख हा आकडा खरा आहे. त्यात काडीचे खोटे नाही. तरी ज्याला अण्णांच्या शेजारी नवे किराणा दुकान टाकायचे आहे, त्याची त्या एका आकड्याने पुरती फसगत होईल. अण्णा तोटा सोसून साखर स्वस्त विकू शकतात, कारण त्यांच्यामागे गाळ्यांचे भाडे आहे. शेजाऱ्यामागे काय आहे?

आता हेच ॲमेझॉनच्या बाबतीत पाहा. हे दुकान १९९५ साली पुस्तके विकू लागले. पुढे त्याने जगातली बहुतेक प्रत्येक वस्तू विकायला घेतली. २००६ पासून त्याने आणखी एक निराळाच उद्योग सुरू केला. स्वतःच्या कामासाठी प्रचंड संगणक चालवण्याची विद्या त्याला अवगत झालीच होती. ती त्याने इतर कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या अण्णांचे गाळेच म्हणा ना, फक्त विटामातीचे नव्हेत, तर संगणकांचे. बँका, वर्तमानपत्रे, सरकारी खाती, लहान-मोठे कारखाने असे सगळे हे गाळे वापरतात आणि भाडे भरतात. या उद्योगाचे नाव ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस.

कितीतरी वर्षे या गाळ्यांचा हिशेब वेगळा छापला जात नसे. कंपनी आपले निकाल दोनच भागांत देई, उत्तर अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय. आणि गाळ्यांचे भाडे त्यातच 'इतर' नावाच्या ओळीत मिसळलेले असे. २०१४ साली कंपनीची एकूण विक्री सुमारे ८९ अब्ज डॉलर होती आणि गाळ्यांचे उत्पन्न त्यात ४.६४ अब्ज, म्हणजे विसातल्या एका वाट्याहून किंचित जास्त, एवढेच. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, हे शाळेतल्या मुलांसाठी पुन्हा सांगतो.)

एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने पहिल्यांदा हा विभाग वेगळा काढून दाखवला, आणि बाजारातल्या जाणत्या मंडळींनीही भुवया उंचावल्या. त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत उत्तर अमेरिकेतल्या दुकानाने १३.४ अब्ज डॉलरची विक्री करून सुमारे ५२ कोटी डॉलर मिळवले होते, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे चार रुपयेसुद्धा नाहीत. परदेशांतल्या दुकानांत तोटाच होता. आणि ज्या गाळ्यांकडे कोणी फारसे पाहत नव्हते, त्यांनी १.५७ अब्जांच्या उत्पन्नावर साडेसव्वीस कोटी डॉलर मिळवले, म्हणजे शंभरामागे जवळजवळ सतरा.

याहूनही बोलके उदाहरण २०२२ सालचे आहे. त्या वर्षी कंपनीची एकूण विक्री ५१४ अब्ज डॉलर झाली आणि धंद्यातून सुटलेला नफा १२.२ अब्ज. वरवर पाहणारा म्हणेल, बरे चालले आहे. आता बेरीज फोडून पाहा. उत्तर अमेरिकेतले दुकान २.८ अब्ज तोट्यात. बाकीच्या देशांतली दुकाने मिळून ७.७ अब्ज तोट्यात. म्हणजे वस्तू विकण्याच्या धंद्यात साडेदहा अब्जांचे नुकसान. आणि गाळ्यांचा नफा २२.८ अब्ज. त्यांनीच तोटा भरून काढला आणि वर बारा अब्ज उरवले. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, चित्र पालटले. तिन्ही विभाग नफ्यात आले आणि एकूण ६८.६ अब्ज डॉलर सुटले. तरीही त्यातले ३९.८ अब्ज, म्हणजे शंभरातले अठ्ठावन्न, गाळ्यांचेच होते; विक्रीत मात्र त्यांचा वाटा शंभरात सतराच होता.

हे सगळे छापावे लागते, ते कोणाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. तसा नियम आहे. अमेरिकेत १९९७ सालच्या लेखामानकाने हा नियम घालून दिला आणि आपल्याकडे भारतीय लेखामानक १०८ हेच सांगते. त्यातले तत्त्व मला फार आवडते. कंपनीचा मुख्य चालक स्वतः निर्णय घेताना धंद्याचे जे भाग पाडून पाहतो, तेच भाग त्याने भागधारकांनाही दाखवले पाहिजेत. स्वतःसाठी एक वही आणि लोकांसाठी दुसरी, असे चालणार नाही. आणि विक्री, नफा किंवा मालमत्ता यांपैकी कशातही ज्या विभागाचा वाटा शंभरात दहा भरतो, तो वेगळा दाखवायचा.

मात्र इथे थोडे सावध राहायला हवे. विभागवार आकडे म्हणजे देवाने लिहिलेला लेख नव्हे. अण्णांच्या दुकानात, गिरणीत आणि गाळ्यांवर मिळून एकच हिशेबनीस आहे. त्याचा पगार कोणत्या खात्यावर टाकायचा? विजेचे बिल कसे वाटायचे? वाटणी बदलली की विभागाचा नफा बदलतो, एकूण बेरीज मात्र तशीच राहते. ॲमेझॉनने २०१५ सालचा गाळ्यांचा नफा आधी १.८६ अब्ज डॉलर दाखवला होता. पुढल्या वर्षी कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपाने दिलेला मोबदला आणि तत्सम काही खर्च विभागांवर टाकण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा त्याच २०१५ सालचा तोच नफा १.५१ अब्ज झाला. वर्ष तेच, काम तेच, गिऱ्हाइके तीच! यात लबाडी काही नव्हती. बदल उघडपणे छापलेला होता. पण जो फक्त आकडा पाहतो आणि आकड्याखालची टीप वाचत नाही, त्याला वाटणार की धंदाच घसरला.

दुसरे असे, की विभाग पाडले तरी विभागाच्या पोटात पुष्कळ काही झाकलेले राहते. या दुकानाला जाहिरातींतून २०२४ मध्ये ५६ अब्ज डॉलर मिळाले. हो, जाहिरातींतूनच! तुम्ही फोनवर 'चप्पल' असा शब्द टाकता, तेव्हा वर दिसणाऱ्या चपलांपैकी काही पैसे भरून वर आलेल्या असतात. हे उत्पन्न छापलेले आहे. पण त्यात नफा किती आणि तो निव्वळ माल विकण्यातला तोटा कितपत झाकतो, हे वेगळे छापलेले नाही. तसेच आपल्या देशाचे. देशवार विक्रीच्या तक्त्यात अमेरिका, जर्मनी, इंग्लंड, जपान अशी नावे आहेत. भारताचे नाव शोधाल तर सापडणार नाही. तो 'बाकीचे जग' या ओळीत आहे. एवढा मोठा आपला देश, पण त्या तक्त्यात तो एका ओळीचा एक तुकडा आहे. तेव्हा इथल्या धंद्याचे काय चालले आहे हे पाहायचे, तर भारतात नोंदलेल्या तिच्या कंपन्यांचे हिशेब वेगळे काढून वाचावे लागतात. कंपनी निबंधकाकडे ते दाखल होतात आणि ठरलेली फी भरून कोणालाही पाहता येतात.

आणि हे हिशेब उघडले की आपण आपसूक दुसऱ्या प्रश्नापाशी येतो: व्यवहार कोणाशी झाला?

पुन्हा अण्णांकडे वळू. अण्णांनी माल ठेवायला एक गोदाम भाड्याने घेतले आहे. महिना दहा हजार. हे भाडे रास्त की जास्त? बाजारात विचारले की कळेल. पण गोदाम अण्णांच्या मेहुण्याचे असेल तर? आणि दुकानात गावातल्या चाळीस लोकांनी भाग घेतलेला असेल तर? मग दहा हजारांचे पंधरा झाले तरी अण्णांना दुःख नाही. पैसा या घरातून त्या घरात जातो, आणि तो जातो चाळीस जणांच्या खिशातून. उलटही होऊ शकते. मेहुणा सुरुवातीला भाडे घेतच नाही, त्यामुळे दुकान नफ्यात दिसते. लोक भाग घेतात. आणि मग भाडे सुरू होते. मेहुण्याशी व्यवहार करणे हा गुन्हा नाही. कित्येकदा तोच सगळ्यांत भरवशाचा माणूस असतो. कायद्याचे म्हणणे एवढेच, की परक्याशी केला असता तसाच तो व्यवहार करा, आणि तो मेहुण्याशी केला आहे हे उघड सांगा.

भारतीय लेखामानक २४ याच गोष्टीसाठी आहे. मालक, संचालक, वरिष्ठ अधिकारी, त्यांचे जवळचे कुटुंबीय, त्यांच्या ताब्यातल्या कंपन्या, मुख्य कंपनी, पोटकंपन्या हे सगळे 'संबंधित' धरायचे आणि त्यांच्याशी काय घेतले-दिले, किती बाकी राहिली, हे हिशेबाच्या टिपांत छापायचे. २०१३ सालचा कंपनी कायदा आणि सेबीचे नियम आणखी एक पाऊल पुढे गेले आहेत. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचा असा व्यवहार ठराविक मर्यादेपलीकडे मोठा असेल, तर तो भागधारकांपुढे मांडावा लागतो. आणि तो मंजूर करण्यासाठी संबंधित माणसांची मते चालत नाहीत. नवरदेवाच्या बापाने हुंड्याचा पंच होऊ नये, तसेच हे.

हे नियम उगाच झालेले नाहीत. आपल्या देशातली एक गोष्ट आठवते का पाहा. हैदराबादच्या सत्यम या संगणक-कंपनीने १६ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केले, की आपण मेटास नावाच्या दोन बांधकाम-कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेणार. मेटास हे नाव इंग्रजीत उलटे वाचले की सत्यम होते. त्या कंपन्या सत्यमच्या अध्यक्षांच्या कुटुंबाशी निगडित होत्या. भागधारकांनी इतका गिल्ला केला, की काही तासांतच बेत रद्द करावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की हिशेबातले कितीतरी आकडे फुगवलेले आहेत आणि नसलेल्या पैशाच्या जागी खरी मालमत्ता आणून ठेवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. म्हणजे आतल्या माणसाशी झालेला सौदा कोणीतरी नीट निरखला, आणि तिथून पुढचा सारा बनाव उकलला.

आपल्या मोठ्या दुकानात असे काही झाले, असा अर्थ मात्र यातून काढू नका. तिथले व्यवहार वेगळ्या जातीचे आहेत, आणि ते जाहीर झालेले आहेत. दोन सांगतो. एप्रिल २०२२ मध्ये ॲमेझॉनने आपले उपग्रह आकाशात सोडण्यासाठी तीन कंपन्यांशी करार केले. त्यांतली एक ब्लू ओरिजिन. ही कंपनी जेफ बेझोस यांची. आणि तेच ॲमेझॉनचे संस्थापक, मोठे भागधारक आणि संचालक मंडळाचे अध्यक्ष. बारा उड्डाणे त्या कंपनीकडून घ्यायची आणि लागल्यास आणखी पंधरा, असे ठरले. करार वाईट होता असे मी म्हणत नाही; उपग्रह सोडू शकणाऱ्या कंपन्या जगात आहेतच किती! पण भागधारकाने विचारावे असा प्रश्न इथे आहे: दर कोणी ठरवला, आणि ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस होता का?

दुसरा व्यवहार आपल्या अंगणातला आहे. आपल्या देशात नियम असा, की परदेशी भांडवलाच्या कंपनीने इंटरनेटवर बाजार भरवावा, जागा द्यावी, पण स्वतःचा माल स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकू नये. बाजार भरवणारा वेगळा, विकणारा वेगळा. नाहीतर बाजाराचा मालकच सगळ्यांत पुढचे पाल स्वतःला घेईल, आणि खेड्यातून चपला घेऊन आलेला माणूस मागच्या गल्लीत बसेल. ॲमेझॉनचा बाजार भारतात जून २०१३ मध्ये भरला. त्यावर क्लाउडटेल नावाचा एक विक्रेता फार मोठा झाला. हा विक्रेता ज्या कंपनीच्या मालकीचा होता, ती ॲमेझॉन आणि इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांची गुंतवणूक-संस्था कॅटामरान यांची भागीदारी होती. सुरुवातीला कॅटामरानचा हिस्सा शंभरात एक्कावन्न आणि ॲमेझॉनचा एकोणपन्नास. म्हणजे विक्रेता परकाही होता आणि अगदी परका नव्हताही.

मार्च २०१६ मध्ये सरकारने सांगितले, की बाजारातल्या एकूण विक्रीपैकी एका विक्रेत्याचा वाटा शंभरात पंचविसाहून जास्त असता कामा नये. डिसेंबर २०१८ मध्ये नियम आणखी आवळला: बाजार भरवणाऱ्या कंपनीचा किंवा तिच्या गटाचा ज्या विक्रेत्यात भाग आहे, त्याने त्या बाजारात विकूच नये. हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. मग भागीदारीतला ॲमेझॉनचा हिस्सा चोविसावर आला आणि विक्री पुन्हा सुरू झाली. लहान व्यापाऱ्यांच्या संघटना तक्रार करीत राहिल्या. जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने पसंतीच्या विक्रेत्यांना झुकते माप मिळते का, याची चौकशी करण्याचा आदेश दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही भागीदारांनी जाहीर केले, की करार पुढे चालवायचा नाही. आणि मे २०२२ मध्ये त्याची मुदत संपली.

या सगळ्यात कोण बरोबर, कोण चूक, हा निवाडा करायला मी इथे बसलेलो नाही. मला दाखवायचे आहे ते असे, की व्यापाऱ्यांचे भांडण, सरकारचे नियम, आयोगाचा आदेश या साऱ्यांच्या मुळाशी आपला साधा प्रश्न होता: समोरचा विक्रेता कोणाचा? आणि हा प्रश्न तुम्हीही विचारू शकता. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे अशा बाजाराने प्रत्येक वस्तूबरोबर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दाखवायला हवा. पुढल्या वेळी मुलाने काही मागवले, तर त्याला म्हणा, "बाळा, विकणारा कोण आहे तेवढे वाचून दाखव." जिल्ह्यातला कोणी कारागीर असेल, नाहीतर दूरच्या शहरातली कंपनी असेल. कोणाकडून घ्यावे हे तुम्ही ठरवा. पण ठाऊक असून ठरवा.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही कुठे शेअर घेतले आहेत? आम्हांला या मागच्या पानांशी काय करायचे?" त्याला माझे उत्तर असे. भविष्य निर्वाह निधीचा काही पैसा २०१५ पासून शेअरबाजारात जाऊ लागला. नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी नोकरीत लागलेल्या पुष्कळ शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा काही भागही तिकडेच जातो. म्हणजे कोणाही न सांगता आपण कितीतरी कंपन्यांचे चिमूटभर मालक झालेलो आहोत. ते राहू द्या. तुम्ही विकास सोसायटीचे सभासद आहात, दूध संस्थेचे आहात, साखर कारखान्याचे आहात, पतसंस्थेचे आहात. त्या प्रत्येकीचा अहवाल वर्षातून एकदा तुमच्या दारात येतो. दूध संस्थेला नफा झाला तो दुधात की पशुखाद्य विकण्यात? कारखान्याची साखर तोट्यात आणि मद्यार्क नफ्यात आहे का? ऊसवाहतुकीचे कंत्राट कोणाचे? ऊस तोच, दूध तेच, प्रश्नही तेच दोन.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना बेरीज-वजाबाकी, शेकडेवारी येते. एखाद्या शनिवारी गावच्या संस्थेचा जुना अहवाल वर्गात आणा. मुलांना म्हणा, एकूण नफा झाकून ठेवा आणि तो कोणकोणत्या कामातून आला ते शोधा. मग शेवटचे पान काढा. शेकडेवारीचे पुस्तकातले गणित मुले विसरतील. पण ज्या पानावर आपल्याच गावातली आडनावे आहेत, ते पान विसरणार नाहीत. फक्त एवढे जपा, की वर्गात कोणाच्या घराण्याची निंदा होता कामा नये. आडनाव दिसले म्हणजे अपराध झाला असे नव्हे, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगायला हवे. तक्ता छापला आहे, ही चांगलीच गोष्ट. वाचणारा नाही, ही आपली चूक.

परवाच्या सभेत मी आमच्या गावच्या सोसायटीत मागच्या पानावरचा एक आकडा विचारला. सभागृहात क्षणभर शांतता झाली. मग सचिवांनी चष्मा लावला, पान उलटले आणि नीट, सविस्तर उत्तर दिले. व्यवहार संचालकांच्या भावाशी होता. दर बाजारभावाएवढाच होता. तीन निविदांतली सर्वांत कमी त्याची होती. सगळे कागद त्यांच्याजवळ होते. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "सर, अकरा वर्षे मी हे पान तयार करतोय. आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

पुढच्या महिन्यांत कितीतरी गावांत वार्षिक सभा भरतील. तुमच्या घरी अहवाल आला असेल तर शोधून काढा. त्यावर चहाचा कप ठेवू नका. मागच्या पानापासून वाचायला सुरुवात करा, आणि जे समजणार नाही ते सभेत उभे राहून शांतपणे विचारा.